उन्हाचा वाटा

करंजओहळच्या तलावाचं पाणी उतरायला लागलं की गावातल्या बाकीच्यांची तोंडं उतरायची, आणि भागीबाई मात्र खुरप्याला धार लावायला बसायची.

गाव दिंडोरी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पेठच्या डोंगरांना पाठ लावून बसलेलं. तलाव जुना आणि पसरट. पावसाळ्यात तो शाळेमागच्या बांधापर्यंत यायचा आणि होळीच्या सुमारास मागं सरकायला लागायचा. मागं सरकताना जी काळी ओली जमीन उघडी पडायची, तिच्यावर भागीबाई पाण्याच्या मागोमाग काकडी, भोपळा, कलिंगड लावत जायची. गाळपेरा म्हणतात त्याला. नांगर नको, खत नको, फक्त पाण्याची चाल ओळखता आली पाहिजे. तलावात बरंच आत, जुना ओहोळ जिथं वळायचा तिथं, सगळ्यात जाड गाळाचा पट्टा होता. तो तिच्या नवऱ्यानं पहिल्यांदा पेरला होता. नवरा गेला, तरी त्या पट्ट्यात दुसऱ्या कुणी बी टाकलं नाही. कागदोपत्री जमीन पंचायतीची असली तरी गावाच्या लेखी ती भागीबाईची होती.

तिची स्वतःची जमीन वर उतारावर होती. दगड जास्त, माती कमी. पावसाळ्यात थोडी नागली, म्हणजे नाचणी, व्हायची, पाऊस संपला की बकऱ्यासुद्धा तिथून तोंड वळवायच्या. म्हणून दिवाळी झाली की तिचा मुलगा अमित आणि सून मीना पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जायचे. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपीत राहायचे आणि उन्हाळा लागला की परत यायचे. तोवर भागीबाई एकटी.

त्या वर्षी पाणी संक्रांतीलाच मागं सरकलं. भागीबाईनं पट्टा उघडा पडलेला पाहिला आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरून पिंपळगाव गाठलं. मीना द्राक्षाच्या घडांची विरळणी करत होती. सासूला बागेत उभी पाहून तिच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"काय झालं आत्या? कुणी आजारी हाय का?"

"कुणी आजारी नाय. जमीन उघडली. चला घरी."

"आत्ता? मुकादमाला काय सांगू?"

"सांग, सासू न्यायला आली."

अमितनं हो-नाही केलं, पण मीनानं तोपर्यंत खोपीतली भांडी गोळा करायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी तिघंही गाळात उतरले. आळी केली, बी टाकलं. मीना एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पाण्याकडे बघून म्हणाली, "आत्या, पाणी इतक्या लवकर गेलं, हे बरं का?"

"आपल्याला बरंच हाय," भागीबाई म्हणाली.

वेल चांगले उगवले. पण पाणी थांबेना. दर वर्षी ते हळूहळू सरकायचं, या वर्षी पळाल्यासारखं गेलं. माघ अजून संपला नव्हता आणि ऊन चैत्रासारखं भाजत होतं. दिवसभर कोरडा वारा सुटायचा. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या. सुरुवातीला भागीबाई चार पावलांवर कळशी बुडवायची, आता पाण्यापर्यंत जाऊन यायचं तर मीनाला मध्ये एकदा कळशी टेकवावी लागायची. कलिंगडाला फुलं लागली आणि दुपारच्या झळांनी अर्धी गळून पडली.

झिपरूची त्याहून वाईट गत होती. झिपरू तिच्या नवऱ्याचा दोस्त, तलावात मासेमारी करणाऱ्या गटाचा म्होरक्या. पावसाळ्यात त्यांनी रोहू आणि कटल्याचं बी सोडलं होतं. मासे आता कुठं वीतभर झाले होते आणि सकाळी पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. टायरच्या ट्यूबवर बसून तो तलावभर हिंडायचा, तो आता ट्यूब खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यातून चालत होता.

"वहिनी, हे पाणी आपोआप नाय जात," तो एका सकाळी म्हणाला. "कुणीतरी नेतंय."

कोण नेतंय ते बोट दाखवून सांगायची गरज नव्हती. तलावाच्या पूर्वेच्या काठावर पाच-सहा मोटारी बसल्या होत्या, आणि सगळ्यात मोठी पुंजारामची. पुंजाराम बौद्ध वस्तीतला. बापाला मिळालेल्या तुकड्यावर त्यानं टोमॅटोचा प्लॉट उभा केला होता, तारा-बांबू बांधून, अगदी नेटका. संध्याकाळी तलावाच्या काठानं जाताना त्याच्या मोटारीचा आवाज सगळ्या गावाला ऐकू यायचा.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. झिपरू उठला, पण त्याला नीट बोलता येईना. तेव्हा भागीबाई उठली. तिला बोलायला कधी शब्द शोधावे लागत नसत.

"आमचे वेल जळतात, याचे मासे मरतात, आणि तिकडं टमाटे लाल होतात," ती म्हणाली. "रात्रंदिवस मोटार चालती. सगळ्यांचं पाणी चोरून एक माणूस पिकवतो, आन् आपण बघत बसायचं का?"

पुंजाराम खाली मान घालून बसला होता. तो सावकाश उठला.

"पाण्यावरून आमच्या बापजाद्यांनी लय ऐकून घेतलंय, भागीताई," तो म्हणाला. "तेच तुमच्या तोंडून ऐकावं लागंल असं वाटलं नव्हतं."

एवढं बोलून तो निघून गेला. लोकांना वाटलं, रागावून घरी गेला. पण थोड्या वेळानं तो परत आला आणि मोटारीच्या पेटीतले फ्यूज त्यानं टेबलावर ठेवले. "माझी मोटार बंद. बाकीच्यांचं त्यांनी बघावं." मग बाकीच्यांनाही मागं राहता येईना. गावातल्या सगळ्या मोटारी त्या दिवसापासून थांबल्या.

घरी येताना भागीबाईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मीना वाटभर चार पावलं पुढंच चालत राहिली, आणि सुनेचं ते पाठ करून चालणं तिला जास्त टोचलं.

झिपरूनं पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. "आता बघू, पाणी हितंच राहतं का."

दुसऱ्या दिवशी पाणी काठीपासून हातभर लांब होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी लांब. काठावर संध्याकाळी इतकी शांतता असायची की बगळ्याचे पंख ऐकू यावेत, तरी पाणी चाललंच होतं. कुणीतरी चोरून मोटार लावतंय असं भागीबाईला वाटलं. ती पूर्वेच्या काठानं फिरून आली. मोटारींवर धूळ बसली होती. पुंजारामच्या प्लॉटमध्ये टोमॅटोची पानं सुकून खाली लोंबत होती. ती तिथं थांबली नाही.

रविवारी पुंजारामची मुलगी तेजल आली. ती तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायची. बापानं सगळं सांगितल्यावर ती भागीबाईच्या पट्ट्यावर आली, ती भांडायलाच असणार असं भागीबाईला वाटलं. पण तिच्या मागून अमित जनावरांना पाणी पाजायचा लोखंडी टब डोक्यावर घेऊन येत होता.

"मावशी, हा टब इथे ठेवू का? तुमच्या नजरेसमोर?"

"कशाला?"

"पाणी कोण नेतंय ते बघायला."

टब पाण्याच्या कडेला उघड्यावर ठेवला. तेजलनं तो तलावाच्या पाण्यानं भरला आणि पाण्याच्या रेषेवर नेलपॉलिशनं लाल खूण केली. तशीच एक खूण तिनं तलावात आतवर ठोकलेल्या खुंटावर केली. झिपरूनं आपलं जुनं जाळं आणून टबावर बांधलं, म्हणजे बकऱ्या तोंड घालणार नाहीत. "याला भोक नाही, मोटार नाही," तेजल म्हणाली. "तुम्ही दिवसभर इथेच असता. राखण तुम्हीच करा."

भागीबाईनं राखण केली. वेलांना पाणी घालता घालता तिचा एक डोळा टबावर असायचा. एकदा कावळा जाळ्यावर बसला तर तिनं त्याला ढेकूळ मारून हुसकला. पण टबातलं पाणी खाली जातच राहिलं. लाल खूण आधी ओली होती, मग कोरडी झाली, मग पाण्याच्या वर स्पष्ट दिसायला लागली. पुढच्या रविवारी तेजल आली तेव्हा टबातलं पाणी तीन बोटं खाली गेलं होतं, आणि खुंटावरचंही जवळजवळ तेवढंच.

पट्ट्यावर बरीच माणसं जमली होती. पुंजाराम लांब बांधावर उभा होता.

"टब लवकर तापतो, म्हणून त्यातलं जरा जास्त उडालं," तेजल म्हणाली. "तलावातलं थोडं जमिनीत मुरलं असेल. आणि मोटारी काहीच नेत नाहीत असं मी म्हणत नाही, नेतात. पण आता त्या बंद आहेत, तरी पाणी चाललंय. ते वर चाललंय." तिनं आभाळाकडे बोट केलं.

"ऊन काय आजच पडतंय का?" झिपरू म्हणाला. "आधी कसं पुरायचं?"

"आधी एवढं कडक ऊन इतक्या लवकर लागत नव्हतं. आणि दुसरं असं, की एक कळशी पाणी परातीत ओतून उन्हात ठेवलं आणि एक कळशी तसंच कळशीत ठेवलं, तर आधी काय आटेल?"

"परात," मीना पटकन म्हणाली.

"आपला तलाव परात झालाय. डोंगरावरून दर पावसाळ्यात माती येते, तळ वर येतो. पाणी खोल राहायच्या ऐवजी पसरून बसतं, आणि पसरलं की ऊन त्याला सगळीकडून खातं."

भागीबाई टबाकडे बघत राहिली. आठवडाभर तिनंच राखण केली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणावर संशय घ्यायला जागा नव्हती. तिनं बांधाकडे पाहिलं, तर पुंजाराम निघून चालला होता.

त्याच संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. पुंजाराम अंगणात बांबू सोडवत बसला होता. मेलेल्या रोपांचे बांबू. तिला पाहून त्यानं बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं आणि पुन्हा सुतळी सोडवायला लागला.

"भाऊ, मी चुकले," भागीबाई म्हणाली. वाटेत तिनं पुष्कळ काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच तोंडातून आलं.

"चुकलात."

"चोर म्हणाले तुम्हाला. सगळ्यांच्या समोर."

"हो."

चहा आला. दोघांनी तो प्यायला. पुंजारामनं कप खाली ठेवला. "बोललेलं काय परत गिळता येत नाय, ताई. मला ते लय दिवस लागून राहणार. पण तुम्ही घरी आलात, हे बरं केलंत."

"जसं समोर बोलले तसं समोरच सांगेन. पुढच्या सभेत."

"सांगा," तो म्हणाला, आणि सुतळीचं एक टोक त्यानं तिच्या हातात दिलं. तिनं ते धरून ठेवलं, तोवर त्यानं गाठ सोडवली.

पुढच्या सभेत तिनं खरंच सांगितलं. आवाज नेहमीसारखा चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग मोटारींचं ठरलं: पहाटे थोडा वेळ चालवायच्या, पाळीपाळीनं, दिवसा बंद. त्यानंतर झिपरू म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा ओहोळाच्या वळणावर डोह होता. बांबू बुडायचा त्यात. गाळानं भरला तो. तो पुन्हा उकरला तर पाणी कळशीत राहिल्यासारखं राहील, मासेही जगतील." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी जेसीबीचं विचारलं, कुणी गाळ न्यायला ट्रॅक्टर देतो म्हणालं. आणि मग एकेकाची नजर भागीबाईकडे वळली. ओहोळाच्या वळणावर आता कुणाचा पट्टा आहे ते सगळ्यांना माहीत होतं. विषय तिथंच सोडून सभा उठली.

दोन-तीन दिवस झिपरू पट्ट्यावर यायचा, वेलांची चौकशी करायचा आणि डोहाचा विषय न काढताच जायचा. भागीबाईला सगळं कळत होतं. वेलांवर उरलेल्या फुलांतून आता फळं धरली होती, मुठीएवढी कलिंगडं, कोवळ्या काकड्या. नवऱ्यानं हा पट्टा पहिल्यांदा पेरला तेव्हा ती नवी नवरी होती. चिखलात पाय रुतून ती पडली होती आणि तो काठावर बसून हसला होता. तलावात जमीन धरणारा माणूस म्हणून लोक त्यालाही हसले होते. हे सगळं जेसीबीच्या दातांखाली घालायचं?

"तुला काय वाटतं?" शेवटी तिनं मीनाला विचारलं. दोघी सकाळच्या उन्हात आळ्यांना पाणी देत होत्या.

मीनानं कळशी खाली ठेवली. "पाणी असंच गेलं, तर पुढच्या वर्षी पट्टा राहील आत्या. पण आळ्यात ओतायला कळशी कुठून भरणार?"

"आता तू मला शिकवणार का?"

"शिकवत नाय. मला परत त्या बागेत जाऊन ताडपत्रीखाली राहायचं नाय, म्हणून बोलते."

मीना एवढं कधी बोलत नसे. भागीबाई तिच्याकडे बघत राहिली. पाण्यातून चालून मीनाच्या पायांना पिंढरीपर्यंत वाळलेला चिखल लागला होता. पलीकडे उथळ पाण्यात झिपरूचे मासे तोंडं उघडत-मिटत होते.

त्याच दिवशी ती झिपरूच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, किती दिवस तोंड लपवून फिरणार? खोदा डोह."

झिपरू उठून उभाच राहिला.

"पण आधी आमच्या काकड्या, कलिंगडं निघू द्या. आन् माझ्या पट्ट्यातला गाळ माझ्याच उतारावर पडला पाहिजे. एक घमेलंही दुसरीकडं गेलं तर मी जेसीबीच्या पुढं बसेन."

"बसाल तुम्ही, माहीत हाय मला," झिपरू म्हणाला. तो उगाच जाळं झटकायला लागला.

काकड्या निघाल्या, कलिंगडं लहानच पण गोड निघाली. मग जेसीबी तलावात उतरला. पहिल्या घावाला वेल मुळासकट वर आले तेव्हा भागीबाईनं तोंड फिरवलं. नंतर मात्र ती रोज काठावर येऊन उभी राहायची आणि ड्रायव्हरला कुठं खोल घ्यायचं ते ओरडून सांगायची, त्याला ऐकू जात नसलं तरी. तिचा उतार अवघड होता, दगडांतून ट्रॅक्टर चढायला ड्रायव्हर कुरकुरत होते. पहिली ट्रॉली घेऊन पुंजाराम स्वतः चढला. टोमॅटो गेल्यामुळं त्याचा ट्रॅक्टर रिकामाच होता. तो दिवसभर वर-खाली करत राहिला. दुपारी भागीबाईनं त्याला भाकरी आणि नागलीचे पापड दिले. तो ट्रॅक्टरच्या सावलीत बसून जेवला. बोलणं झालं ते फक्त मातीबद्दल.

वैशाखात तलाव डोहापुरताच उरला. चहूकडे भेगाळलेला चिखल आणि मध्ये काळंशार पाणी, लहान पण खोल. मासे तिथं गोळा झाले होते. झिपरू पुन्हा ट्यूबवर बसला. गावातली गुरं तिथंच यायची. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मृग कोरडाच गेला आणि गावातल्या हातपंपांना फक्त हवा येत होती. भागीबाई रोज सकाळी डोहावर जाऊन बघायची. पाणी उतरलेलं असायचं, पण असायचं. एकदा पुंजारामही तिथंच उभा होता.

"ऊन आपला वाटा घेतंच म्हणा," ती म्हणाली.

"घेऊ द्या," पुंजाराम म्हणाला. "आपलंही काहीतरी उरू दे म्हणजे झालं." त्या सभेनंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी पाण्याबद्दल बोलला.

मग पाऊस आला, डोह बुडाला, तलाव शाळेमागच्या बांधापर्यंत भरला. उतारावर पसरलेल्या गाळात नागली नेहमीपेक्षा उंच वाढली. पण खरं नवल दिवाळीनंतर झालं. पाऊस संपला तरी त्या मातीत ओल टिकून होती. अमितनं मूठभर हरभरा टाकून पाहिला, तो उगवला, तेव्हा सगळा उतार हरभऱ्यानं भरला. पिंपळगावहून मुकादमाचा फोन आला तेव्हा मीनानंच उचलला. यंदा जमणार नाही, घरी काम आहे, असं म्हणून तिनं तो ठेवला आणि निंदायला निघून गेली.

संक्रांत आली तेव्हा पाणी पुन्हा लवकरच मागं सरकलं होतं. ऊन काही मागं हटलं नव्हतं. तेजलनं सांगितलं होतं की ते आता असंच राहणार, कदाचित वाढणारही. म्हणून एका डोहावर भागणार नव्हतं. दुसऱ्यासाठी जागा पाहिली ती पूर्वेच्या काठाजवळची, पुंजारामची मोटार होती नेमकी तिथं. कुणी त्याला काही म्हणायच्या आतच तो सभेत म्हणाला होता, मोटार मी हलवतो.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी भागीबाई घाटे भरलेल्या हरभऱ्यात उभी होती. खाली काठावर पुंजाराम एकटाच मोटारीचे पाइप सोडवत होता आणि एक पाइप काही केल्या निघत नव्हता. तिनं हिरव्या हरभऱ्याचे दोन डहाळे उपटून ओच्यात टाकले.

"अमित, पाना घे," तिनं हाक मारली. "आन् मीने, तू पण चल. त्या माणसाला एकट्याला जमत नाय ते."

तिघं उतारावरून खाली निघाले.